मिठाला वास का नाही, कापराला का आहे

पत्र : ताई, मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं, विज्ञानात चांगले मार्क पडले म्हणून अकरावीला सायन्स घेतलं. सध्या केमिस्ट्रीत बाँडिंगचा धडा चालू आहे आणि मला काहीच कळेनासं झालंय. सर इंग्रजीतून शिकवतात, घरी मी हिंदी व्हिडिओ बघते, आणि डोक्यात आठवी-नववीचं मराठी पुस्तक. तिन्हीकडे वेगळंच. अणूला आठ इलेक्ट्रॉन का हवे असतात? हायड्रोक्लोरिक ॲसिड एकदा कोव्हॅलंट म्हणतात आणि मग त्याचेच आयन होतात, हे कसं? कोव्हॅलंट बंध मजबूत असतो म्हणे, मग पाणी शंभर अंशांना उकळतं आणि मीठ मात्र आठशे अंशांपर्यंत वितळत नाही, असं का? रोज पाठ करते आणि दुसऱ्या दिवशी विसरते. आर्ट्सला बदलून घेऊ का? घरी अजून सांगितलेलं नाही.

उत्तर :

बाळ,

तुझा तिसरा प्रश्न वाचला आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पाण्याचा बंध मजबूत, तरी पाणी लवकर उकळतं, हे विचारायचं तर पुस्तकातली दोन वाक्यं शेजारी ठेवून ती एकमेकांशी पटत नाहीत हे आधी दिसावं लागतं. मी ज्युनिअर कॉलेजात ३१ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. दर वर्षी हा धडा घेतला, पण वर्गातून हा प्रश्न फार थोड्या वेळा आला. तुला येत नाही असं तुला वाटतंय, मला तसं वाटत नाही.

आधी भाषेचा गुंता सोडवू, कारण तुझा निम्मा त्रास तिथलाच आहे. मराठीत ॲटमला अणू म्हणतात आणि मॉलिक्यूलला रेणू. हिंदीत ॲटमला म्हणतात परमाणु, आणि मॉलिक्यूलला अणु! व्हिडिओतले सर 'पानी का अणु' म्हणतात तेव्हा ते पाण्याच्या रेणूबद्दल बोलत असतात, आणि तुझ्या डोळ्यांपुढे एकटा अणू उभा राहतो. तिथून पुढचं प्रत्येक वाक्य चुकीच्या खणात जाऊन पडतं. माझ्या वर्गातली कितीतरी हुशार मुलं इथेच अडकलेली मी पाहिली आहेत, आणि त्यांना वाटायचं की आपलं डोकंच चालत नाही. आजच वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने आख आणि मराठी, हिंदी, इंग्रजी असे शब्द समोरासमोर लिही. पंधरा-वीस शब्दांच्या वर भरणार नाहीत.

त्या यादीत 'सहसंयुज' जरा सावकाश लिही. संयुजा म्हणजे व्हॅलन्स, अणूची जोडून घेण्याची क्षमता. सह म्हणजे को. को-व्हॅलंट, सह-संयुज. अर्विंग लँगम्यूर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१९ साली हा इंग्रजी शब्द वापरात आणला, आणि मराठीत तो इतका नेमका उतरलाय की शब्द फोडला की अर्थ हातात येतो. तो तुला आठवीपासून येतो आहे.

आता 'अणूला आठ इलेक्ट्रॉन का हवे असतात'. अणूला काही हवं नसतं गं. आम्ही शिक्षकच तसं बोलतो, सोपं जातं म्हणून, आणि मग मुलांना वाटतं की अणू आठची मोजदाद करत बसलेत. खरं काय होतं ते हायड्रोजनवर बघ. एका अणूत मधे एक प्रोटॉन, धन प्रभाराचा, आणि त्याच्याभोवती एक इलेक्ट्रॉन, ऋण प्रभाराचा. असे दोन अणू जवळ आले की पहिल्याचा इलेक्ट्रॉन दुसऱ्याच्या प्रोटॉनकडेही ओढला जातो, आणि दुसऱ्याचा पहिल्याकडे. दोन्ही इलेक्ट्रॉन मधल्या जागेत जास्त वावरायला लागतात आणि दोन्ही प्रोटॉन त्यांच्याकडे खेचले जातात. बंध म्हणजे ही ओढ. अणू आणखी जवळ आले तर दोन प्रोटॉन एकमेकांना ढकलतात, म्हणून जिथे ओढ आणि ढकल जुळते तिथे ते थांबतात. हायड्रोजनच्या रेणूत हे अंतर ०.७४ अँगस्ट्रॉम आहे. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. त्या स्थितीत त्या जोडीची ऊर्जा सुट्या अणूंपेक्षा कमी असते. इतकी कमी, की २ ग्रॅम हायड्रोजनमधले सगळे रेणू पुन्हा सुटे करायचे तर ४३६ किलोजूल मोजावे लागतात.

मग आठ कुठून आले? अनुभवातून. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लुओरीन यांच्या बाहेरच्या कवचात इलेक्ट्रॉनच्या चार जोड्यांचीच जागा असते, त्यामुळे बंध होता होता गणती बहुतेक वेळा आठवर येऊन थांबते. पण बोरॉन ट्रायफ्लुओराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच असतात. नायट्रिक ऑक्साइडमध्ये एकूण इलेक्ट्रॉनच विषम आहेत, तिथे सगळ्यांना आठ मिळणं शक्यच नाही. अष्टकाचा नियम वापर, भरपूर वापर, फक्त त्याला कारण समजू नकोस.

ज्यांनी ही जोडीची कल्पना मांडली त्यांचंही थोडं सांगते, तुला धीर येईल. गिल्बर्ट न्यूटन लुईस हे १९०२ साली अमेरिकेत विद्यार्थ्यांना शिकवत होते. समजावून सांगण्यासाठी त्यांनी अणूचा चौकोनी ठोकळा काढला, आठ कोपऱ्यांवर आठ इलेक्ट्रॉन. दोन ठोकळ्यांची एक कड सामाईक केली की एक बंध, एक पूर्ण बाजू सामाईक केली की दुहेरी बंध. पण नायट्रोजनचा तिहेरी बंध काही केल्या ठोकळ्यांनी दाखवता येईना. १९१६ साली त्यांनी आपला प्रसिद्ध लेख छापला तेव्हा त्यात ठोकळे होते, आणि त्यांची ही अडचण सोडवणारी जोड्यांची मांडणीही होती. आपण वहीत इलेक्ट्रॉनसाठी ठिपके काढतो ते तिथून आले. इलेक्ट्रॉनची जोडी दोन अणूंना का धरून ठेवते याचं गणित हाइटलर आणि लंडन या दोन शास्त्रज्ञांनी १९२७ साली केलं, म्हणजे ठिपक्यांनंतर ११ वर्षांनी. स्वतः लुईस ठिपके काढत होते तेव्हा त्यांनाही 'का' माहीत नव्हतं. तुला पंधरा दिवसांत सगळं उमगलं नाही तर त्यात काय बिघडलं?

आता तुझा मोठा प्रश्न. त्यासाठी देवघरातली कापराची डबी आण.

झाकण उघडलं की वास येतो. वास येतो म्हणजे कापराचे अख्खे रेणू वडीपासून सुटून तुझ्या नाकापर्यंत आले. एका रेणूत दहा कार्बन, सोळा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन, असे सत्तावीस अणू सहसंयुज बंधांनी एकमेकांना घट्ट धरून आहेत. त्यातला एकही बंध तुटलेला नाही. तुटला असता तर तो कापूर राहिला नसता आणि वासही कापराचा आला नसता. सुटली ती एका रेणूची शेजारच्या रेणूवरची पकड, आणि ती मुळात इतकी सैल आहे की घरातल्या साध्या उबेने सुटते. म्हणून डबी उघडी राहिली की वड्या झिजून बारीक होतात.

हे दोन प्रकार कायम वेगळे ठेव. एक, रेणूच्या आतली पकड. दुसरी, रेणू आणि रेणू यांच्यामधली पकड. पुस्तक 'सहसंयुज बंध मजबूत' म्हणतं ते पहिलीबद्दल. वितळणं, उकळणं, वास येणं हे सगळं दुसरीवर ठरतं.

चहाचं आधण ठेवलंस की वर येते ती वाफ पाणीच असते, ताटलीवर पुन्हा थेंब होऊन बसते. उकळताना रेणूच्या आतले बंध तुटत असते तर स्वयंपाकघरात हायड्रोजन आणि ऑक्सिजन भरला असता, आणि तेही खाली गॅस पेटलेला असताना. आकडे बघ. १८ ग्रॅम पाण्याची शंभर अंशांवर वाफ करायला सुमारे ४१ किलोजूल लागतात. त्याच १८ ग्रॅममधले सगळे बंध तोडून सुटे अणू करायचे तर सुमारे ९२७. बावीस पटींहून जास्त. हे दोन आकडे पाठ केलेस तरी चालेल, एवढं पाठांतर मला मान्य आहे.

आणि मीठ? मिठात रेणूच नसतो. हे वाक्य वहीत लिहून ठेव, कारण 'मिठाचा रेणू' असं मोठी माणसंही बोलून जातात. तिथे आयन, म्हणजे प्रभार असलेले अणू, असतात : सोडियमचे धन आयन आणि क्लोराइडचे ऋण आयन एकाआड एक रचलेले, प्रत्येक सोडियमच्या सहा बाजूंना सहा क्लोराइड. कुठली जोडी कुणाची हे सांगताच येत नाही. रेणू नाही, म्हणून सैल अशी 'रेणूंमधली' पकडही नाही, सगळीकडे आयनांची तीच घट्ट ओढ. मीठ वितळवायचं तर तिलाच हात घालावा लागतो, म्हणून ८०१ अंश सेल्सिअस. आणि म्हणूनच मिठाच्या बरणीला वास नाही. (पादेलोणाला येतो म्हणशील. तो मिठाचा नव्हे, त्यातल्या हायड्रोजन सल्फाइडचा, आणि ते सुट्या रेणूंचं संयुग आहे.)

एक परीक्षा घे. एका जुन्या चमच्यात साखर, दुसऱ्यात मीठ, दोन्ही गॅसवर धर. साखर वितळते, मग पिवळी, मग तांबूस होते, चिक्कीच्या पाकाचा वास येतो. साखरेत दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ होतात. वितळताना रेणूंची एकमेकांवरची पकड सुटते, आणि रंग बदलायला लागला की रेणूच्या आतले बंधही तुटून नवे जुळायला लागलेले असतात. वितळलेला भाग थंड केलास तर तो गोडच राहतो, पण काळा पडलेल्याची साखर पुन्हा होत नाही. शेजारी मीठ फार तर थोडं तडतडेल, खड्यात अडकलेल्या पाण्यामुळे. बाकी ते जसंच्या तसं.

इथे एक चुकीची गाठ बसू देऊ नकोस. 'सहसंयुज म्हणजे कमी तापमानाला वितळणारं' असं गाइडमध्ये छापलेलं असतं. नदीत सापडते ती पांढरी गारगोटी घे. ती सिलिकॉन आणि ऑक्सिजनची, बंध सहसंयुज, पण त्यात छोटे रेणू नाहीत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बंधांचं एकच जाळं आहे. वितळायला सतराशे अंशांच्या आसपास जावं लागतं. हिऱ्यातही असंच एकसंध जाळं असतं, कार्बनचं. तेव्हा बंध कुठला एवढंच विचारून भागत नाही, सुटे रेणू आहेत का हेही विचारावं लागतं.

आणि सगळ्या रेणूंची आपसातली पकड सारखी नसते. गोबरगॅसमधला मिथेन आणि पाणी, दोघांचे रेणू वजनाला जवळजवळ सारखे, १६ आणि १८. पण मिथेन उणे १६२ अंशांनाच उकळतो. पाण्यात ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे जास्त ओढतो, त्यामुळे त्याची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनच्या बाजू किंचित धन होतात. मग एका रेणूचा हायड्रोजन दुसऱ्याच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. त्याला हायड्रोजन बाँड म्हणतात. नावात बाँड आहे म्हणून फसू नकोस, पाण्यात तो एका रेणूपासून दुसऱ्या रेणूकडे जातो.

हायड्रोक्लोरिक ॲसिडचं कोडंही यातूनच सुटेल. हायड्रोजन क्लोराइड हा वायू. त्याच्या रेणूत हायड्रोजन आणि क्लोरीन यांच्यात सहसंयुज बंध, पण इलेक्ट्रॉनची जोडी क्लोरीनकडे सरकलेली. विद्युतऋणतेचे, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याच्या क्षमतेचे, आकडे हायड्रोजनसाठी २.२, क्लोरीनसाठी ३.१६, म्हणजे फरक एकाहूनही कमी. सोडियम ०.९३, त्याचा क्लोरीनशी फरक २.२३, म्हणून ते थेट आयनांचं. हा वायू पाण्यात सोडला की पाण्याचा ऑक्सिजन, ज्याच्याकडे बंधात न अडकलेल्या जोड्या आहेत, हायड्रोजनचं केंद्रक ओढून घेतो आणि इलेक्ट्रॉनची जोडी क्लोरीनकडेच राहते. झाले आयन. त्यांच्याभोवती पाण्याचे रेणू गोळा होतात, त्यातून जी ऊर्जा सुटते तिच्यात बंध तुटण्याचा खर्च निघतो. हाच वायू बेंझीनमध्ये विरघळवला तर आयन होत नाहीत आणि त्यातून वीज वाहत नाही. सर पहिल्यांदा वायूबद्दल बोलत होते, दुसऱ्यांदा बाटलीतल्या द्रावणाबद्दल. दोन्ही बरोबर. फक्त नाव घेताना आपण दोघांनाही तीन अक्षरांत 'एचसीएल' म्हणतो आणि मुलांचा गोंधळ होतो. तसंच, फरक १.७ च्या वर गेला की आयनांचं, खाली राहिला की सहसंयुज, ही रेघ सोयीसाठी आखलेली आहे. निसर्गात तिथे कुंपण नाही.

आता ठिपक्यांची आकृती. ती पाठ करायची नसते, मांडायची असते. घरात चिंचोके असतील. कार्बन डायऑक्साइड घेऊ. कागदावर मधे कार्बन, दोन बाजूंना दोन ऑक्सिजन लिही. बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन मोज : कार्बनचे ४, ऑक्सिजनचे ६ आणि ६, एकूण १६. सोळा चिंचोके मोजून घे. सतरावा लावायचा नाही, पंधरावर थांबायचं नाही. कार्बन आणि प्रत्येक ऑक्सिजनच्या मधे एकेक जोडी ठेव. चार गेले, बारा उरले. ते सहा-सहा करून दोन ऑक्सिजनभोवती मांड. आता मोज. प्रत्येक ऑक्सिजनभोवती आठ झाले, पण कार्बनजवळ चारच. नवीन चिंचोका तर आणता येत नाही. मग प्रत्येक ऑक्सिजनजवळची एक जोडी बोटाने कार्बनच्या बाजूला सरकव. ऑक्सिजनचे आठ कायम राहिले, कारण मधली जोडी दोघांच्याही हिशेबात धरली जाते, आणि कार्बनचेही आठ झाले. मधे दोन-दोन जोड्या, हाच दुहेरी बंध. तो का आला हे तुझ्या बोटाला कळलेलं असेल, आणि बोटाला कळलेलं सहसा विसरत नाही. मग अमोनिया मांड, आठ चिंचोके. नायट्रोजनचा रेणू मांड, दहा. ज्या तिहेरी बंधासाठी ठोकळे अपुरे पडले तो तुझ्या कागदावर पाच मिनिटांत येईल.

पुस्तकात एका अणूचे ठिपके आणि दुसऱ्याच्या फुल्या असतात. ते फक्त मोजायच्या सोयीसाठी. बंध झाल्यावर कुठला इलेक्ट्रॉन कुणाचा होता याला काही अर्थ उरत नाही, म्हणून मी तुला सगळ्यांसाठी चिंचोकेच घ्यायला सांगितले.

तू विचारलं नाहीस, पण पुढे ऊर्जेच्या धड्यात अडशील म्हणून आत्ताच सांगते. 'बंध तुटला की ऊर्जा मिळते' असं कुणी म्हणालं तर मान्य करू नकोस. बंध तोडायला ऊर्जा लागते, जुळताना ती सुटते. १६ ग्रॅम मिथेन जाळताना त्याचे आणि ऑक्सिजनचे बंध तोडायला साधारण २६५० किलोजूल खर्च होतात, पाणी आणि कार्बन डायऑक्साइडचे नवे बंध जुळताना साधारण ३४५० मिळतात. वरचे ८०० म्हणजे शेगडीची आच. सुरुवातीचा खर्च कुणीतरी करावा लागतो, म्हणून काडी ओढावी लागते.

नावांचं मोनो, डाय, ट्राय, टेट्रा हे सरळ पाठ कर, त्यात समजण्यासारखं काही नाही. एवढंच बघ की ते सुट्या रेणूंच्या संयुगांना लावायचे. कॅल्शियम क्लोराइडला कुणी डायक्लोराइड म्हणत नाही.

अभ्यासाला आणखी एक मदत. बालभारतीची आठवी ते दहावीची विज्ञानाची पुस्तकं मराठी आणि इंग्रजी दोन्हीतून ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. धडे तेच असतात. दहावीचा कार्बनी संयुगांचा धडा मोबाइलवर दोन्ही भाषांत उघड आणि एक परिच्छेद मराठीत, तोच इंग्रजीत, असा वाच. मराठीत तुला तो येतोच, त्यामुळे इंग्रजी वाक्य आपोआप उलगडत जाईल. आठ-दहा दिवसांत सरांचं बोलणं कानाला वेगळं लागेल. आणि तुझा तिसरा प्रश्न सरांना विचार. इंग्रजीतून विचारायला लाज वाटत असेल तर मराठीत कागदावर लिहून तास संपल्यावर हातात दे. असा प्रश्न हातात पडला की शिक्षकाचा दिवस चांगला जातो, हे मी अनुभवाने सांगते.

राहिलं आर्ट्सचं. इतिहास किंवा अर्थशास्त्र मनापासून आवडत असेल तर जरूर जा, ती काही खालची पायरी नाही. पण तुझ्या पत्रात आर्ट्समधल्या एकाही विषयाचं नाव नाही, सगळं पत्र केमिस्ट्रीने भरलंय. पहिल्या सत्राची परीक्षा होऊ दे, तोवर बदलीचा अर्ज करू नकोस. आणि घरी मात्र आजच सांग. आईला म्हण की जड जातंय, प्रयत्न चालू आहे. एकटीने मनात ठेवलंस की धडा आहे त्याहून मोठा वाटायला लागतो.

तुझी,
ताई

ता. क. साखरेचा चमचा सांडशीने धर आणि शेजारी कुणी मोठं माणूस असू दे. वितळलेली साखर उकळत्या पाण्याहून कितीतरी गरम असते आणि कातडीला चिकटून बसते. त्या वेळी कापराची डबी देवघरातच राहू दे, ओट्याजवळ आणू नकोस. जो वास नाकापर्यंत येतो तो आचेपर्यंतही जातो.